जोडीतला एक गेला, मागे राहिलेल्याचे काय?

पत्र

मी नागपूरला मानेवाड्यात राहतो. गाव कळमेश्वर तालुक्यात, तिथं आई-बाबा आणि आठ एकर वावर. आमची चांद्या-पाखऱ्याची गौळाऊ बैलजोडी 9 वर्षं एका जुवाखाली चालली. तीन आठवड्यांपूर्वी चांद्याचं पोट रात्रीतून फुगलं आणि डॉक्टर पोचेपर्यंत तो गेला. तेव्हापासून पाखऱ्याचं चित्त थाऱ्यावर नाही. अर्धंच कुटार खातो. संध्याकाळी दावणीला बांधला की चांद्याच्या रिकाम्या खुंट्याकडे तोंड करून उभा राहतो. शेजारी एवढी जागा मोकळी झाली, पण तिकडे सरकत नाही. रात्री हंबरतो. घरात दुसरं जनावर नाही, गाय मागच्या वर्षीच विकली.

शेजारी म्हणतात, "ढोराले काय समजते, चार दिवसात विसरते." काहीजण म्हणतात, लगेच दुसरा बैल आणा आणि जुंपा, कामाला लागला की ठीक होईल. बाबा (वय 68) मात्र बैलाचं नाव काढू देत नाहीत, तेही नीट जेवत नाहीत. पोळा महिन्यावर आला आहे. पाखऱ्याला खरंच दुःख झालं आहे, की आम्हीच आमचं दुःख त्याच्या अंगावर घालतो आहोत? त्याला सावरायला नेमकं काय करायचं? आणि पोळ्याला त्याला एकट्याला तोरणाखाली न्यायचं का?

उत्तर

तुमच्या पत्रातली जी ओळ वाचून आम्ही थांबलो ती दुःखाची नाही. चांद्याचे पोट रात्रीतून फुगले आणि तो गेला, असे तुम्ही लिहिता. पाखऱ्या आजही बहुधा त्याच गव्हाणीतले, त्याच ढिगातले कुटार खातो आहे, आणि अर्धे टाकतो आहे. म्हणून दुःखाचे बोलण्याआधी हे तपासा. तीन आठवडे अर्धपोटी राहिलेल्या बैलाला "त्याला आठवण येते" म्हणून सोडून देणे हा या प्रकरणातला सगळ्यात मोठा धोका आहे.

कुटाराच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून आतले मूठभर बाहेर काढा. पावसाळ्यात वरचा थर कोरडा दिसतो आणि आत ओल धरलेली असते. हाताला गरम लागले, गोळे झालेले असले, पांढरी-काळी भुकटी उडाली किंवा कुबट वास आला तर ते बुरशीचे कुटार आहे. ते बैलाला घालू नका, वरचे निवडूनही नको. चांद्याने त्या दिवशी कोवळी ज्वारी, कापलेल्या ज्वारीचे फुटवे किंवा ओला कोवळा शेंगवर्गीय चारा खाल्ला होता का, हेही बाबांना विचारा. पाऊस ताणल्यावर कोवळ्या ज्वारीत विष तयार होते, आणि ओल्या कोवळ्या शेंगवर्गीय चाऱ्याने पोट फुगते. शेवटी एक प्रश्न, जो टाळू नका: चांद्याच्या नाका-तोंडातून किंवा शेणाच्या वाटेने काळपट, न गोठणारे रक्त आले होते का? आले असेल तर ते आजच डॉक्टरांना सांगा. ते फाशी रोगाचे लक्षण असू शकते आणि तो माणसालाही होतो.

आता पाखऱ्याकडे. ताप सकाळी, उन्हात किंवा कामाला जाण्याआधी, गुदद्वारात थर्मामीटर ठेवून घ्या. ते शेणात न रुतता आतल्या भिंतीला टेकले पाहिजे, आणि 2 मिनिटे ठेवायचे. 100.5 ते 102.5 अंश फॅरनहाइटपर्यंत ठीक. 103 च्या पुढे गेले तर दुःखाचा विषय बाजूला ठेवून डॉक्टर बोलवा. मग डाव्या अंगाला उभे राहून मूठ त्याच्या डाव्या भकाळीत, म्हणजे शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्यामधल्या खळग्यात, घट्ट दाबून धरा. थोड्या वेळाने आतून मूठ हळूच बाहेर ढकलली जाईल, मग पुन्हा सैल पडेल. 2 मिनिटांत अशा 2 ते 3 लाटा यायला हव्यात. एकच आली, किंवा मूठ कणकेत रुतल्यासारखी रुतून तशीच राहिली, तर पोट मंदावले आहे.

रवंथ बघा. धडधाकट बैल दिवसरात्र मिळून 7-8 तास रवंथ करतो आणि एका घासाला साधारण 40 ते 60 वेळा चावतो. दुखणे असो की भीती, आधी कमी होते ते रवंथच, म्हणून रवंथ कमी झाले एवढ्यावरून कारण कळत नाही, फक्त काहीतरी बिघडले आहे एवढे कळते. खालची पापणी ओढून आतला रंग पाहा. गुलाबी असावा, फिकट पांढुरका असेल तर गोचीडतापाची शंका घ्या. चालताना पाठ कमानीसारखी करतो का, उतारावर पाय टाकायला कचरतो का, बसताना कण्हतो का? तसे असेल तर पोटात तार किंवा खिळा गेला असण्याची शक्यता आहे. कुंपणाच्या तारांचे तुकडे चाऱ्यात येतात आणि बैल चाऱ्याबरोबर ते गिळतो.

हे सगळे ठीक दिसले तरी एकदा रक्त आणि शेण तपासून घ्याच. पावसाळ्यात माश्या आणि गोचीड वाढतात. सर्रा (माश्यांमधून पसरणारा) आणि थायलेरिया (गोचिडांमधून पसरणारा) या रोगांत बैल असाच मलूल होतो, कधी खातो कधी नाही. 1962 या टोल-फ्री क्रमांकावर फिरते पशुवैद्यकीय पथक बोलावता येते. तालुक्याच्या दवाखान्यात निदान लागले नाही तर तुम्ही नागपुरातच आहात, सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.

समजा यातले काही निघाले नाही. मग तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही सरळ देतो: हो, पाखऱ्याला दुःख झाले आहे. मरण म्हणजे काय हे त्याला उमगले, असे आम्ही म्हणणार नाही, तसा पुरावा नाही. पण सोबतीचे जनावर नाहीसे होणे आणि त्याचा त्रास होणे, यासाठी मरणाची समज लागत नाही. याक पँक्सेप या मेंदूवैज्ञानिकाने सस्तन प्राण्यांच्या मेंदूच्या खोल, जुन्या भागांत सात भावयंत्रणा मांडल्या. भीती, संताप, खेळ यांच्या बरोबरीने त्यात एक विरहाची यंत्रणा आहे. मेंदूतल्या त्या जागा विजेच्या सौम्य प्रवाहाने चेतवल्या की प्राणी एकटे पडल्यावर काढतात तोच आक्रोश काढतात. मेंदूचे हे खालचे मजले माणसात आणि बैलात बरेचसे सारखे आहेत. शेजाऱ्यांना एवढे सांगायला हरकत नाही.

गुरांपुरते बोलायचे तर पुरावा आणखी जवळचा आहे. इंग्लंडमध्ये नॉर्दम्प्टनला क्रिस्टा मॅक्लेनन यांनी गाईंना अर्ध्या तासासाठी एकदा आवडत्या सोबतिणीबरोबर आणि एकदा अनोळखी गाईबरोबर कोंडून त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. सोबतीण असताना ठोके कमी होते, गाय शांत होती. त्या दुभत्या गाई होत्या, एका जुवाखाली 9 वर्षे खांदा घासलेले बैल नव्हते. तुमच्या जोडीत तर एकाने पाय उचलला की दुसऱ्याचा उचलायचा, एकाने मान टाकली की दुसऱ्याने चाटायचे. पाखऱ्याच्या अंगाला शेजारी एक ऊबदार शरीर असण्याचीच सवय आहे. ती जागा मोकळी झाली म्हणून तो तिकडे सरकणार नाही. त्याच्या लेखी ती जागा त्याची नाहीच, चांद्याची आहे.

पण मग तीन आठवडे का? वासरू तोडल्यावर गाय आणि वासरू पहिले तीन-चार दिवस सर्वाधिक हंबरतात, नंतर ते उतरत जाते. शेजारी "चार दिवसात विसरते" म्हणतात ते या अनुभवावरून, आणि त्या बाबतीत ते अगदीच चुकीचे नाहीत. फरक असा की ती गाय कळपात असते. पाखऱ्या एकटा आहे. गुरे कळपाची. एकटे जनावर रात्री नीट बसत नाही, कान सारखे फिरवत राहते, कारण धोक्याची चाहूल घ्यायला दुसरे कोणी नसते. तेव्हा पाखऱ्याचे दुःख तीन आठवड्यांपूर्वी घडून संपलेले नाही. रोज दिवेलागणीला त्याला रिकाम्या गोठ्यात बांधले की ते नव्याने घडते. आठवण पुसता येत नाही, एकटेपण मात्र संपवता येते. पुढचे सगळे सल्ले याच एका गोष्टीभोवती आहेत.

या आठवड्यातच त्याला सोबत द्या. नवा बैल नव्हे, सोबत. कोणाची शांत म्हातारी गाय, एखादी कालवड, अगदीच नाही तर दोन शेळ्या. गावातलेच, त्याच्या ओळखीचे, निरोगी जनावर उत्तम. आखरावर ढोरे जमतात तेव्हा पाखऱ्या कोणाजवळ उभा राहायचा ते गावच्या गायक्याला (गुराख्याला) विचारा, त्याला नक्की माहीत असेल. ते जनावर महिना-दोन महिने रात्रीपुरते तुमच्या गोठ्यात बांधू देण्याची विनंती मालकाला करा, चारा तुमचा. पहिले चार-पाच दिवस त्याला चांद्याच्या खुंट्यावर बांधू नका. पाखऱ्याच्या दुसऱ्या बाजूला किंवा समोर, 8-10 फुटांवर, दिसेल आणि वास येईल असे बांधा. दोघे एका वेळी बसून रवंथ करू लागले की अंतर कमी करा. एक-दोन रात्रींत हंबरणे कमी झाले तर निदान बरोबर होते असे समजा.

खुंटा उपटण्याची घाई नको. मात्र गोठ्याची दिशा बघा. पाखऱ्याचे तोंड भिंतीकडे असेल तर दावण अशी फिरवा की त्याला वाट, अंगण, जाणारी-येणारी माणसे आणि ढोरे दिसतील. दावे 6-7 फूट ठेवा, म्हणजे वळता येईल, बसता येईल, पाय अडकणार नाही. दिवसा शक्य असेल तर धुऱ्यावर चरायला सोडा किंवा ढोरांबरोबर आखरावर जाऊ द्या, पण गावात लम्पी किंवा लाळ्या-खुरकूत नाही याची खात्री करूनच.

कामाची वेळ पाळा. पूर्वी सकाळी 6 ला बाबा त्याला सोडत असतील तर आताही 6 लाच सोडायचे आणि वावरापर्यंत न्यायचे. जुंपायचे नाही, नुसते चालवून आणायचे. बैलाचा दिवस ठरावीक वेळांवर चालतो. सोबती गेला आणि सोबत पाण्याची, चाऱ्याची, सोडण्याची वेळही विस्कटली, तर त्याच्या हाती काहीच ओळखीचे उरत नाही.

आता हाताचे काम, आणि हे बाबांनीच करावे. गुरे एकमेकांना चाटतात ती मुख्यतः डोके, मान आणि खांद्याकडे. पाखऱ्याला तिथे चाटणारा गेला. व्हिएन्नातल्या पशुवैद्यकीय विद्यापीठात गाईंच्या शरीरावर वेगवेगळ्या ठिकाणी हात फिरवून पाहिले, तेव्हा मानेच्या खालच्या बाजूला गाई सगळ्यात जास्त सैलावल्या. पाठीवर थापा मारणे हे माणसाचे प्रेम झाले, बैलाचे नव्हे. सकाळी 10 मिनिटे आणि संध्याकाळी बांधल्यावर 15 मिनिटे, खराऱ्याने किंवा उघड्या हाताने, जबड्यामागून सुरू करून गळ्याखालच्या लोंबत्या पोळीपर्यंत, सावकाश आणि थोडा दाब देत चोळायचे. तो मान लांब करतो का बघा. कान ताठ उभे किंवा सारखे फिरते न राहता बाजूला सैल लोंबू लागले, डोळे अर्धे मिटले, खालचा ओठ ढिला पडला, तर हात योग्य जागी आहे. उलट डोळ्याचा पांढरा भाग जास्त दिसू लागला, शेपूट पोटाशी आवळली, मान वळवून दूर नेली तर थांबा. गुरांच्या डोळ्यातला पांढरा भाग अस्वस्थतेत वाढतो, हे नॉर्वेतल्या संशोधकांनी मोजून दाखवले आहे.

चोळताना बाबांनी बोलत राहावे, नेहमीच्या आवाजात, खालच्या पट्टीत. मोबाइलवर गाणी लावून काम भागवू नका. 2020 साली व्हिएन्नातच कालवडींवर केलेल्या अभ्यासात माणसाच्या तोंडच्या बोलण्याने त्या ध्वनिमुद्रित आवाजापेक्षा जास्त शांत झाल्या. काय बोलावे हा प्रश्न नाही. वावरातली कामे सांगितली तरी चालतील.

खाण्याचे माप ठेवा, अंदाजावर चालू नका. इंचपट्टीने छातीचा घेर पुढच्या पायामागून आणि वशिंडाच्या मागून घ्या. लांबी खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660, आले वजन किलोत. घेर 68 आणि लांबी 58 इंच असेल तर साधारण 406 किलो. दर आठ दिवसांनी त्याच वेळी, पाणी पाजण्याआधी मोजा आणि वहीत लिहा. घेर सलग दोन वेळा उतरला तर सोबत, चोळणे, सगळे चालू ठेवून पुन्हा डॉक्टरांकडे जा.

400 किलोच्या बैलाला, काम नसताना, दिवसाला 5-6 किलो कोरडा चारा, 15 किलोच्या आसपास हिरवा, किलो-सव्वा किलो ढेप, 40-50 ग्रॅम खनिज मिश्रण आणि 30 ग्रॅम मीठ पुरते. एकदम एवढे पुढे टाकू नका. चार वेळा थोडे-थोडे द्या, उरलेले उचला आणि गव्हाण पुसून घ्या, कारण लाळ लागून आंबलेल्या चाऱ्याला बैल तोंड लावत नाही. कुटारावर ढेपेचे पाणी शिंपडले किंवा मूठभर गूळ विरघळवून शिंपडला तर वासाने खातो. सोबतीचे जनावर शेजारी खात असेल तर तोही खाईल, गुरे एकमेकांचे बघून तोंड घालतात. 24 तास काहीच खाल्ले नाही तर वाट पाहायची नाही, ती तातडीची वेळ आहे. आणि जबरदस्तीने बाटलीने पाजू नका. जीभ धरून, मान वर करून ओतलेले तेल किंवा काढा श्वासनळीत उतरतो आणि त्याने न्यूमोनिया होतो. दारू पाजण्याचा सल्ला कोणी दिला तर तो अजिबात ऐकू नका.

आता नवा बैल. "आणा आणि जुंपा" म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, पण आज ते करू नका. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी 2014 मध्ये वासरांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर एक रंग दिसला की दूध मिळते, दुसरा दिसला की मिळत नाही, हे वासरांना शिकवले. मग दोन्हींच्या मधले रंग दाखवले. आईपासून तोडल्यानंतर तीच वासरे त्या मधल्या रंगांकडे कमी वेळा गेली. म्हणजे जे धड चांगले नाही आणि धड वाईट नाही, त्याचा अर्थ ती वाईटाकडे लावू लागली. पाखऱ्याला आता अनोळखी बैल दाखवला तर तोही त्या मधल्या रंगासारखाच. सावरलेल्या पाखऱ्याने ज्याला नुसते हुंगले असते, त्याच्यावर आजचा पाखऱ्या शिंग उगारू शकतो. आणि जुवाखाली शिंग उगारले तर डोळा जातो किंवा माणूस सापडतो.

तेव्हा आधी तो भरपेट खाऊ लागू द्या, घेर सावरू द्या, मग बैल शोधा. पाखऱ्या आता 12-13 वर्षांचा असेल. त्याच्या जोडीला नुकते सगळे दात आलेला, चार-पाच वर्षांचा तापट बैल घेतलात तर तो पुढे ओढेल आणि म्हातारा फरफटेल. 7-8 वर्षांचा, शांत, वशिंडाजवळ उंचीत 2 इंचांहून जास्त फरक नसलेला आणि उजव्या अंगाला चालायची सवय असलेला बैल पाहा. पत्रात पाखऱ्या कोणत्या बाजूला चालायचा ते लिहिलेले नाही. आम्ही डावीकडे धरून सांगतो आहोत, उलट असेल तर उलट घ्या. वर्षानुवर्षे एका बाजूला चाललेल्या बैलाची बाजू बदलायला जाऊ नका. कानातला 12 अंकी बिल्ला पाहा आणि लाळ्या-खुरकूत व लम्पीच्या लसीची नोंद मागा.

आणल्यावर 21 दिवस वेगळा. चारा-पाणी, टोपली, दोर सगळे वेगळे, पण दिसेल अशा अंतरावर. हे दिवस वाया जात नाहीत, दोघे लांबून एकमेकांचा आवाज आणि चाल ओळखतात. त्यानंतर मधे माणूस उभा राहील एवढी जागा ठेवून, शिंग पोचणार नाही असे बांधायचे, आणि एकच गोणपाट आधी एकाच्या, मग दुसऱ्याच्या मानेवर-पाठीवर घासायचे. तीन-चार दिवसांनी दोघांना जुवाशिवाय, दोन माणसांनी कासरे धरून, वावरापर्यंत शेजारी-शेजारी चालवायचे. पाऊल जुळू लागले की रिकामे जू, सकाळच्या गारव्यात, सपाट जमिनीवर, 15-20 मिनिटे. मग हलके लाकूड ओढायला लावायचे, मग रिकामी बंडी, मग डवरा (कोळपे). वखर सगळ्यात शेवटी. बैल सलगपणे आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढीच ओढ आरामात ओढतो. नव्या जोडीला त्याच्याही निम्म्यावर ठेवा.

इथे बिघडते ते बहुतेक वेळा खांद्यावर. उंची जुळली नाही की जू तिरके बसते, बुटक्याच्या मानेवर भार येतो आणि आठवड्याभरात खांदेसूज. जू सोडल्यावर रोज दोघांच्या खांद्यावर तळहात ठेवून पाहा. एका जागी गरम, केस गेलेले, किंवा दाबल्यावर बैल मान खाली घालतो असे दिसले तर सूज पूर्ण उतरेपर्यंत जुंपणे बंद. दिवसाला एकूण 9 तासांहून अधिक, आणि विसाव्याशिवाय सलग 5 तासांहून अधिक काम घेऊ नये, 37 अंश सेल्सियसच्या वर तापमान असेल तिथे दुपारी 12 ते 3 जुंपू नये, हा ओढकाम करणाऱ्या जनावरांच्या छळाविरुद्धच्या 1965 च्या नियमांतला कायदा आहे. आमच्या मते पाखऱ्याच्या वयाला याच्या निम्मेच काम द्यावे. या हंगामाची डवरणी सावडीने किंवा भाड्याच्या जोडीने उरकून घ्या.

आणि बाबांना बैलच नको असेल, तर तेही चालते. ट्रॅक्टर भाड्याने मिळतो. पाखऱ्याला जुवाची नव्हे, सोबतीची गरज आहे. एक गाय घेतली तर गोठा भरेल, घरात दूध येईल आणि पाखऱ्याची उरलेली वर्षे तिच्या शेजारी जातील. हा निर्णय बाबांचा आहे, तुम्ही नागपुरातून फोनवर घ्यायचा नाही. त्यांनी ज्याला 9 वर्षे रोज हाताने चारले, तो त्यांच्या डोळ्यांसमोर गेला. "दुसरा आणू" हे वाक्य त्यांना आज चांद्याची जागा पुसल्यासारखे वाटत असेल, ते त्यांच्यासमोर महिनाभर काढू नका. दोन शनिवार-रविवार गावी जाऊन गोठ्यात त्यांच्याबरोबर बसा, घेर मोजा, ते चोळत असताना तुम्ही चारा घाला. त्यांचे जेवणही त्या ठरलेल्या वेळांना लावून द्या: पाखऱ्याची गव्हाण भरली की ताट. दोन-तीन आठवड्यांत त्यांची झोप आणि भूक परतली नाही तर त्यांना डॉक्टरांना दाखवा. या वयात वजन उतरणे नुसते मनावर सोडू नये.

राहिला पोळा. खांदमळण घरी जरूर करा. आदल्या संध्याकाळी बाबांनी पाखऱ्याच्या खांद्याला कोमट तूप-हळद चोळायची आणि "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणायचे. ते रोजच्या चोळण्याचेच काम आहे, त्याला आवडेल. तोरणाखाली न्यायचे की नाही ते त्या दिवशीच्या पाखऱ्यावर ठरवा. आदल्या दोन दिवसांत भरपेट खाल्ले असेल, रवंथ चालू असेल, रात्री हंबरत नसेल, तर न्या. सोबतीला बांधलेले जनावर तोरणापर्यंत नेता येत नसेल तर आखरावरच्या ओळखीच्या जोडीशेजारी, ओळीच्या टोकाला, वाजंत्रीपासून लांब उभा करा. कासरा बाबांच्याच हातात. झडत्या (पोळ्यातली म्हणायची गाणी) रंगल्या म्हणून थांबू नका. डोळ्याचा पांढरा भाग दिसू लागला, पाय आपटू लागला किंवा पातळ शेण टाकले की तिथून काढून घरी आणा. तो अजून अर्धेच खात असेल तर नेऊच नका. पूजा गोठ्यात करा, गावातही कोणी नावे ठेवणार नाही.

नैवेद्याची पुरणपोळी एक, फार तर दोन, आणि ज्वारी-तांदळाचे शिजवलेले अन्न अजिबात नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बैलांची पोटे बिघडण्याचे कारण हेच: एकदम गोड-पिठूळ पोटात गेले की तिथे आंबते, आम्ल वाढते आणि पोट थांबते. अर्धपोटी राहिलेल्या बैलात ते लवकर होते. घरोघरी ओवाळणीला नेलात तर प्रत्येक दारी पोळी चारू देऊ नका. त्या रात्री झोपण्याआधी डाव्या भकाळीत एकदा मूठ ठेवून पाहा. लाटा थांबल्या असतील, शेण आंबूस वासाचे पातळ असेल किंवा चालताना झोकांड्या जात असतील, तर सकाळची वाट न पाहता ओळखीच्या डॉक्टरांना उठवा आणि किती पोळ्या, किती वाजता खाल्ल्या ते आधी सांगा.